या आठवड्यात तुम्ही कोणतं पुस्तक वाचताय, आणि त्यानंतर कोणतं हे कसं ठरवता?

सध्या गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' चालू आहे. निम्मं झालंय, झाशीपर्यंत पोहोचलेय. पुढचा नंबर लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा. वाचायच्या पुस्तकांची यादी मी करत नाही. हातातलं पुस्तक कुठे बोट दाखवतं तिकडे जायचं, एवढंच.

विष्णुभट गोडसे कोकणातल्या वरसईचे, गरीब भिक्षुक. घरावर कर्ज होतं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार अशी बातमी आली, तेव्हा तिथे मिळणाऱ्या दक्षिणेच्या आशेनं ते काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. साल १८५७! वाटेतच बंड पेटलं आणि हे दोघे त्यात ओढले गेले. मला गंमत वाटते ती अशी की इतक्या मोठ्या उलथापालथीत या माणसाचा जीव मिळालेल्या दक्षिणेत अडकलेला असतो, आणि ती पुन्हा पुन्हा लुटली जाते. झाशीला वेढा पडला तेव्हा ते आत शहरातच होते. त्या भागात मात्र हसू पार मावळतं. मी तिथे रोज थोडंच वाचतेय, एका दमात झेपत नाही.

हे पुस्तक घेणार असाल तर आवृत्ती बघून घ्या. १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी ते पहिल्यांदा छापलं, पण मजकुरावर बराच हात फिरवून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी काढलेली आवृत्ती १९६६ची. भाषा थोडी अडखळवते, पण भटजींचा स्वतःचा आवाज हवा असेल तर तीच घ्या.

आता 'स्मृतिचित्रे' का? लक्ष्मीबाईंचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, याच बंडात फाशी गेले. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या डोक्यात सोवळं शिरलं, आणि त्या सोवळ्यानं घरादाराला जे भोगायला लावलं तिथूनच पुस्तक सुरू होतं. त्या बंडाचे पडसाद एका घरात, पुढच्या पिढीच्या लहानपणावर कसे उमटले, हे भटजी ताजे असतानाच वाचायचंय. पूर्वी एकदा वाचलंय, पण तेव्हा माझं सगळं लक्ष त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांचं ख्रिस्ती होणं आणि नवराबायकोची ताटातूट यावर होतं. सुरुवातीची पानं भराभर उलटली होती. संक्षिप्त आवृत्तीही मिळते. मी पूर्ण घेणार आहे. लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकलेल्या बाईचं हे गद्य आहे, त्यातलं काही गाळलेलं मला चालणार नाही.

दोन आठवणींच्या पुस्तकांच्या मधे विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' घुसवायचा विचार आहे. १९३९ची छोटीशी कादंबरी, युरोपातून निघालेली बोट, हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू हॅर्टा आणि मुंबईला परतणारा चक्रधर. याहून जास्त सांगत नाही, न वाचलेल्यांवर अन्याय होईल. एका सुट्टीच्या दुपारी होण्यासारखी आहे. पण लगेच दुसरं काही हातात घेववत नाही, असं वाचलेले सगळेच सांगतात. म्हणून ती शनिवारी, आणि रविवार मोकळा.

उशाशी दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' असतंच. ते मी मोजत नाही. जो महिना चालू असेल तेवढाच लेख वाचते, पुढच्या महिन्यात डोकावत नाही.

आता तुमच्याबद्दल. यातलं एकच घ्यायचं असेल आणि जुन्या मराठीची सवय नसेल, तर 'स्मृतिचित्रे'पासून सुरुवात करा. भटजी नंतर. लक्ष्मीबाई समोर बसून बोलल्यासारखं लिहितात, आणि नवऱ्याच्या विसरभोळेपणाचे किस्से सुरू झाले की पुस्तक खाली ठेववत नाही.