ड्रोनने इमारतीची पाहणी : पैसे नेमके कुठे वाचतात?

प्रश्न : ठाण्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेची सात मजली इमारत ३२ वर्षांची आहे. स्ट्रक्चरल ऑडिटसाठी दोन प्रस्ताव आले असून बाहेरच्या भिंतींची ड्रोनने पाहणी करणारा प्रस्ताव महाग आहे. परांचीचा खर्च वाचेल, असे सांगितले जाते. ते खरे आहे का? – एक खजिनदार

उत्तर : परांचीचा मुद्दा आपण हिशेबातून काढून टाकावा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीनुसार (नमुना नियमावलीनुसार) तीस वर्षांवरील इमारतीचे ऑडिट दर तीन वर्षांनी करावे लागते. पण केवळ त्यासाठी सबंध इमारतीला परांची सहसा कोणी बांधत नाही. ती बांधली जाते दुरुस्तीच्या वेळी, आणि ड्रोन वापरला तरी तेव्हा ती बांधावीच लागेल.

पैसे वाचू शकतात ते दुरुस्तीच्या निविदेत. किती चौरस फूट गिलावा काढायचा, किती ठिकाणी सळया उघड्या करून पॉलिमर मॉर्टर (दुरुस्तीचा खास मसाला) भरायचे, हे आकडे जमिनीवरून आणि गच्चीवरून पाहून घातलेले असले, की परांची चढल्यावर ठेकेदार सातव्या मजल्याच्या छज्जाखालची फुगलेली सळई दाखवतो. त्याचे म्हणणे पुष्कळदा खरेही असते, परंतु अर्धे काम झालेले असताना दुसऱ्याकडून दर मागवण्याची सोय उरलेली नसते आणि वाढीव बिल मान्य करावे लागते. तीच सळई आधी छायाचित्रात दिसली, तर ती सर्व ठेकेदारांच्या स्पर्धेच्या दरात येते. म्हणून नुसती छायाचित्रे न घेता मजलावार खुणा आणि मोजमापांचा तक्ता प्रस्तावात लेखी मागावा. तो मिळणार नसेल, तर जादा पैसे देऊ नयेत.

मात्र ड्रोन पाहतो, ठोकत नाही. हातोडीखाली बद्द वाजणारा गिलावा रंगाआड धडधाकट दिसतो. थर्मल कॅमेऱ्याने ओल आणि पोकळ जागांचा काहीसा सुगावा लागतो, तरी काँक्रीटचा दर्जा जोखणाऱ्या रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आघात करून), अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरी सोडून) आणि कोअर (नमुना कापून काढून) चाचण्या काँक्रीटला भिडूनच कराव्या लागतात. शिवाय गळक्या नळांनी जिथे सर्वाधिक नासाडी होते, त्या अरुंद डक्टमध्ये (नळ नेण्यासाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत) ड्रोन नेणे अवघड असते. या चाचण्या कमी करून ड्रोन बसवलेला प्रस्ताव कितीही स्वस्त असला, तरी तो स्वीकारू नये, असे माझे ठाम मत आहे.

ड्रोनचा बराचसा खर्च यंत्र आणि माणसे दिवसभरासाठी आणण्याचा असतो. शेजारच्या दोन-तीन संस्थांनी एकच दिवस ठरवला, तर प्रत्येकीचा वाटा बराच उतरेल. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे आपला परिसर उड्डाणाच्या नकाशावर हिरव्या पट्ट्यात (उड्डाणाला पूर्वपरवानगी लागत नाही अशा भागात) आहे का, पोलिसांचा मनाई आदेश लागू आहे का आणि चालकाकडे प्रमाणपत्र आहे का, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी पाहून घ्यावे.