पाड्यावरचा वर्ग घेण्याआधी

अनेक आशीर्वाद.

मुंबईत आरेतल्या आदिवासी पाड्यावर दर रविवारी मुलांसाठी पर्यावरणाचा वर्ग घ्यायचं तुझं ठरलंय, हे वाचून बरं वाटलं. सोबतचा आराखडाही पाहिला. पहिल्या रविवारी ‘झाडांचे महत्त्व’, दुसऱ्या रविवारी ‘वन्यप्राणी वाचवा’. स्पष्टच सांगते, पार्ल्याच्या सोसायटीतल्या मुलांना हे चालेल. वारली, कोकणा, मल्हार कोळ्यांची पोरं मात्र निमूट ऐकून घेतील, खाऊ घेतील आणि पुढच्या रविवारी फिरकणार नाहीत.

त्यांना काय येतं ते आधी बघ. पहिला पाऊस झाला की शेवळं निघतात. ती कुठे उगवतात हे पाड्यावरची नऊ-दहा वर्षांची पोरगी तुला दाखवेल. नुसती शिजवली तर घसा खाजतो, म्हणून काकडाची आंबट फळं घालायची, हेही तीच सांगेल. (बाजारात भाजीवाल्या मावशी शेवळांच्या जुडीसोबत काकडं देतात, ती याचसाठी.) तुझं काम इथून पुढचं. खाज का येते? शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. अळूही त्याच कुळातलं, एवढंच सांग आणि गप्प बस. फदफद्यात चिंच का घालतात, ते कुणीतरी आपणहून बोलेल. असा एक तास नीट झाला तरी पोस्टर रंगवण्याच्या दहा तासांपेक्षा मोलाचा.

भाज्यांसाठी पाड्यावरच्या एखाद्या आजीला बोलव आणि तुला मिळतं तेवढंच मानधन तिला दे. त्या तासाला शिक्षिका ती असते.

कारवी त्यांच्या रोजच्या ओळखीची. घराच्या कुडाच्या भिंती तिच्याच काठ्यांच्या, वरून शेणामातीनं लिंपलेल्या. ती आठ वर्षांनी एकदा फुलते: बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात 2016 साली फुलली, मग 2024 साली. पुढचा बहर कधी आणि तेव्हा आपलं वय किती, हे प्रत्येकाला वहीत मांडायला लाव. गणिताच्या बाईही खूश होतील.

बिबट्यावर भाषण नको. वाघोबाला पुजणाऱ्या, वाघबारस पाळणाऱ्या घरांत ते शोभत नाही. कामाचं बोल. अंधार पडल्यावर लहानांनी एकटं बाहेर जायचं नाही. उघड्यावर कचरा साठला की कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. पण कचरागाडी पाड्यापर्यंत येतच नसेल, तर दोष पोरांच्या माथी मारू नकोस. मोठ्या मुलांना घेऊन वॉर्ड ऑफिसला अर्ज लिही. पर्यावरण सगळ्या शाळांत सक्तीनं शिकवा, असं सर्वोच्च न्यायालयानं 1991 सालीच सांगितलंय. शाळांनी त्याचं मार्कांचं प्रोजेक्ट केलं; अर्ज कसा लिहायचा, ते काही कुणी शिकवलं नाही.

एक प्रश्न हमखास येईल: ‘आम्हाला झाडं वाचवा म्हणता, मग मेट्रोच्या कारशेडसाठी तोडली कुणी?’ ऑक्टोबर 2019 च्या त्या रात्री दोन हजारांहून जास्त झाडं पडायला सुरुवात झाली, ते यांच्या घरच्यांनी जवळून पाहिलंय. विषय बदलू नकोस. न्यायालयात काय झालं, मेट्रोची बाजू काय, विरोध करणाऱ्यांची काय, सगळं सांग. आठवी-नववीच्या मुलांना 2006 चा वनहक्क कायदा समजतो, फक्त सावकाश वाचून दाखवायला हवा. पाण्याचंही सांग. विहार तलाव 1860 चा, तुळशी 1879 चा. दोन्ही राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातले, आणि शहर अजून त्यांचं पाणी पितं. आपल्या पाड्यावरचा नळ आणि हे तलाव यांची सांगड मुलं स्वतः घालतील. त्यातून जे प्रश्न निघतील, त्यांची तयारी ठेव.

पायात बूट घाल. दगड उलटला तर होता तसा परत ठेवायचा आणि हाताने नाही, काठीने. आरेच्या नावाचा एक विंचूच आहे, लायकस आरेयेन्सिस; 2010 साली शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली. पोरांना हे ऐकायला फार आवडेल.

तुझी,
मावशी

ता. क. वर्गाचे फोटो ग्रुपवर टाकायचे असतील, तर आधी मुलांच्या आईबापांना विचार. आणि बॅनर घरीच ठेव.