जखम भरली, तपासणी राहिली

तो आमच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, आला तेव्हा ओपीडी संपत आली होती. ट्रक ड्रायव्हर, वय तिशीच्या आत. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दार लावून घेतलं तरी आवाज खालीच.

"मॅडम, महिना झाला, लॉजवर एका बाईबरोबर... निरोध नव्हता. नंतर लघवीच्या जागी जखम झाली. दुखत नव्हती. मेडिकलमधून मलम आणलं, आता भरत आलीय. पण मित्र म्हणतो, गुप्तरोग झाला म्हणजे एचआयव्ही झालाच. खरंय का?"

हा प्रश्न माझ्यासमोर सतत येतो. मी म्हटलं, "झालाच असं नाही. दोन्ही आजार वेगळे. तिला एचआयव्ही नसेल तर तिच्याकडून तुम्हाला तो होणार नाही. असला तरी एका संबंधात लागण होतेच असंही नाही. मात्र सोबत गुप्तरोग असला की धोका कित्येक पटींनी वाढतो. जखमेमुळे कातडीचा अडसर तुटतो आणि ज्या पेशींवर एचआयव्ही हल्ला करतो, त्याच पेशी तिथे गोळा होतात."

तो थोडा थांबला. "पण त्या रात्री मला जखम नव्हती."

बरोबर विचारलं होतं त्याने. अशी जखम साधारण तीन आठवड्यांनी दिसते. म्हणजे गुप्तरोग त्याला तिच्याकडून आला असावा. तिला दोन्ही असतील, तर त्या रात्रीचा धोका एरवीपेक्षा जास्तच होता. आणि आता त्याची स्वतःची जखम पुढच्या प्रत्येक संबंधात एचआयव्हीला वाट करून देणार होती.

रक्त घेण्याआधी त्याला सांगितलं की २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय चाचणी होत नाही आणि रिपोर्ट गुप्त राहतो. त्यानंतरच तो नीट बसला. एचआयव्ही नॉन-रिॲक्टिव्ह आला, म्हणजे लागण दिसली नाही. आरपीआर ही सिफिलीसची रक्तचाचणी मात्र रिॲक्टिव्ह. सिफिलीस हा गुप्तरोग.

"पण जखम तर भरली!"

ती औषधाविनाही भरते. जंतू अंगात राहतात. मलमाने गुण आला असं वाटून माणसं घरी बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या सरकारी दवाखान्यात, त्याला त्याच दिवशी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं.

एचआयव्हीचं उत्तर मात्र अजून अर्धंच होतं. लागण झाली तरी सुरुवातीचे काही आठवडे चाचणीत ती दिसत नाही, म्हणून तीन महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा यायला सांगितलं. ७२ तासांच्या आत आला असता तर लागण टाळणारी २८ दिवसांची औषधं सुरू करता आली असती. ती वेळ गेली होती. रात्री-अपरात्री रस्त्यावर असणाऱ्यांनी १०९७ हा एचआयव्ही हेल्पलाइनचा मोफत नंबर तरी पाठ ठेवावा.

उठता उठता तो दारापाशी थांबला. "आठ दिवसांनी यात्रेला गावी जायचंय. बायको आहे घरी."

खरा प्रश्न हा होता. त्या रात्रीनंतर तो घरी गेला नव्हता, हे नशीब. जखम पूर्ण भरेपर्यंत संबंध नको, कारण निरोधने प्रत्येक जखम झाकली जात नाही. त्यानंतरही तीन महिन्यांचा रिपोर्ट येईपर्यंत निरोध हवाच. बायकोला काय सांगायचं यावर आम्ही अर्धा तास बोललो. यात्रेहून फोन आला, "सांगितलं, मॅडम. दोन दिवस बोलली नाही."

तीन महिन्यांनी दोघं आली. त्याचा एचआयव्ही रिपोर्ट पुन्हा नॉन-रिॲक्टिव्ह, तिचाही. "आता काळजी नाही ना?" तिने विचारलं.

"त्या रात्रीच्या एचआयव्हीची नाही," मी म्हटलं, आणि कार्डावर पुढच्या आरपीआरची तारीख लिहून दिली.