सुक्रेत चार दिवस थांबू का?

प्रश्न: मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतली, बॅकपॅक घेऊन बोलिव्हियात फिरणार आहे. पोतोसीनंतर सुक्रेत चार दिवस थांबले तर वेळ वाया जाईल का हो?

उत्तर: अजिबात नाही, थांबाच! पोतोसी जवळपास ४,००० मीटरवर, तिथं जिना चढला तरी धाप लागते, सुक्रे साधारण २,८०० मीटरवर म्हणजे श्वासाला जरा आराम. स्पॅनिश काळातली पांढरीशुभ्र घरं, १९९१ पासून युनेस्कोच्या यादीत. १८२५ला बोलिव्हियाचं स्वातंत्र्य जिथं जाहीर झालं ती कासा दे ला लिबेर्ताद तेवढी चुकवू नका, बाकी मग निवांत, सकाळी मेर्कादो सेंत्राल या मुख्य बाजारात ताज्या फळांचा ज्यूस आणि संध्याकाळी टेकडीवरच्या ला रेकोलेताच्या कमानींखाली बसून गावाची लाल कौलं बघत राहायचं, आपण रंकाळ्यावर बसतो ना अगदी तसंच.