घरातली लाइट गेली म्हणजे खांबावरची लाइन बंद झाली असं नव्हे

भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. नागपुरात मानेवाड्याकडचं घर, कंपाउंडच्या आत वीस-बावीस वर्षांचा गुलमोहर, बुंधा दीड फूट, झोक शेजाऱ्याच्या टिनाच्या छपराकडे आणि फांद्यांतून गेलेली सर्व्हिस वायर, म्हणजे खांबावरून घरात येणारी तार. पावसाळ्याआधी काढायचा आहे. भाड्याची चेनसॉ सांगून ठेवलीय, दोन मावसभाऊ तयार आहेत. शेवटी तुम्ही लिहिलंय, "मेंटेनन्ससाठी बारा ते चार लाइट जाणार आहे, तेवढ्यात वरच्या फांद्या उरकून घेऊ." हे वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. आमच्याकडेही नेमका हाच हिशेब केला होता आणि सगळ्यात महाग तोच पडला.

हेल्मेट-गॉगल हवा, चपला घालून झाडावर चढू नये, हे तुम्हाला कळतं असं धरून चालतो. परवानगीचं थोडक्यात: आपल्याच आवारातलं झाड असलं तरी 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे आणि महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज द्यावाच लागतो. 2021 च्या दुरुस्तीनंतर झाडाचं वय जितकं तितकी नवी झाडं लावण्याची तरतूद आहे, म्हणून अर्जात वय अंदाजपंचे फुगवू नका. आणि ते पत्र फक्त झाडापुरतं असतं. विजेच्या तारेबद्दल त्यात काही नसतं, हे मात्र कोणी आपणहून सांगत नाही.

आता लाइनचं. घरात लाइट नाही यावरून एकच गोष्ट कळते: तुमच्या घराची जोडणी ज्या फेजवर आहे, त्यातून या क्षणी वीज येत नाही. जुन्या उघड्या तारांच्या खांबावर बहुतेक पाच तारा असतात. तीन फेज (वीज आणणाऱ्या), एक न्यूट्रल (परतीची) आणि पथदिव्यांची एक वेगळी. डीपीवर (ट्रान्सफॉर्मरजवळच्या फ्यूजच्या पेटीत) एका फेजचा फ्यूज उडाला की आपल्याकडे पंखा बंद आणि समोरच्यांचा कूलर मजेत सुरू, हे नागपुरात मे महिन्यात कोणाला समजावून सांगायला नको. पण झाडावर चढताना हेच आपण विसरतो. पथदिव्यांची तार दिवसभर थंड असते, संध्याकाळी टायमर लागला की जिवंत होते. चारचं काम साडेसहापर्यंत लांबलं, की दुपारभर ज्या तारेला खेटून काम केलं तीच दगा देते.

दुसरं म्हणजे बारा ते चार ही वेळ त्यांच्या कामाची आहे, तुमच्या नाही. काम पावणेतीनला आटोपलं तर लाइनमन पावणेतीनलाच लाइन चालू करणार. दोन गल्ल्या पलीकडे गुलमोहरावर माणूस चढलाय हे त्याला कुठून कळणार? तिसरं, गल्लीत कोणी चेंजओव्हर (घर बाहेरच्या लाइनपासून तोडून जनरेटरवर घेणारा स्विच) न बसवता जनरेटर जोडला असेल तर बंद लाइनमध्ये उलटीकडून वीज येते. घरातल्या टेस्टरने यातलं काहीच कळत नाही.

आमच्या वेळी एका कार्यालयात (कोणतं ते लिहीत नाही) विचारलं तर "आज बंदच आहे, करून घ्या" एवढंच उत्तर. कागद मागितला तर "एवढ्याशा फांद्यांना कागद कशाला?" वीज वेळेच्या सव्वा तास आधी आली. अर्धवट कापलेली फांदी तारेवर टेकलेली होती, वरचा माणूस सेफ्टी बेल्टच्या पट्ट्याला लटकला आणि पट्ट्यामुळेच वाचला. फांदी खाली येताना न्यूट्रल घेऊन आली. नंतर त्याच टेबलावर विचारणा झाली, "तुम्हाला लेखी परवानगी दिली होती का?" हे ऐकून माणसाने काय बोलावं!

न्यूट्रल तुटल्यावर काय होतं ते समजून घ्या, कारण यात शेजारीही भरडले जातात. तीन फेजच्या लाइनवर न्यूट्रल तुटला की त्याच्या पुढच्या घरांना 230 व्होल्ट मिळत नाहीत. ज्या फेजवर लोड जास्त तिथे व्होल्टेज पडतं, ज्या फेजवर कमी तिथे चढतं, आणि चढत चढत 400 च्या जवळही जाऊ शकतं. म्हणजे ज्या घरात फक्त फ्रिज आणि टीव्ही चालू आहे, त्याचाच फ्रिज आणि टीव्ही जळतो. फांदी पडल्यावर घरातले बल्ब अचानक पांढरेफक किंवा मंद झाले तर विचार करत बसू नका, आधी मेन स्विच पाडा आणि शेजाऱ्यांना ओरडून सांगा.

मग करायचं काय? वीज कंपनीच्या तुमच्या भागातल्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात खांबाचा नंबर, डीपीचा नंबर आणि झाडाच्या परवानगीची प्रत हवीच. मागणी नेमकी लिहा. सर्व्हिस वायर खांबाकडून सोडून त्या दिवसापुरती गुंडाळून ठेवावी. फांद्या लाइनपर्यंत पोचत असतील तर लाइनमनने डीपीवरून लाइन बंद करावी, तारा शॉर्ट करून अर्थ कराव्यात आणि काम संपेपर्यंत जागेवर हजर राहावं. फ्यूजच्या ग्रिपा (फ्यूजची तार बसवलेले, हाताने काढता येणारे तुकडे) काढून लाइनमनच्या पिशवीत पडल्या, हे डोळ्यांनी पाहा. सगळी माणसं उतरल्याचं तुमच्यापैकी एकाच ठरलेल्या माणसाने सांगायचं, त्याशिवाय ग्रिप परत बसवायची नाही. झाडाजवळून 11 केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची, लाइन जात असेल तर हे सगळं विसरा, स्वतः हात लावूच नका. एबी केबल (आवरण असलेल्या तारा एकत्र पिळलेली) असली तरी तिच्या रबरावर भरवसा नको. आपल्या उन्हात वर्षानुवर्षं राहिलेलं आवरण तडकतं, आणि ओली फांदी किंवा भिजलेला दोर वीज खाली आणायला पुरेसा असतो.

मी लाइनमन नाही, उद्यान खात्यातलाही नाही. तुमच्या खांबावर नेमकं काय आहे ते जागेवर पाहणाऱ्यालाच कळेल. पण मेंटेनन्सच्या वेळेत उरकून घेऊ, हा विचार डोक्यातून काढाच.

आता झाड. घरी कापणारे बहुतेक लोक सोप्या बाजूने सुरुवात करतात, म्हणजे आपल्या अंगणावरच्या फांद्या आधी. तुमचं झाड टिनाकडे झुकलंय. अंगणाकडच्या फांद्या त्याला मागे तोलून धरतात. त्या आधी गेल्या की सगळं वजन टिनाकडे, आणि वर चढलेला माणूसही त्याच बाजूला. सुरुवात टिनावरच्या फांद्यांपासून करा, शेंड्याकडून लहान लहान तुकड्यांत. अंगणाकडच्या शेवटी.

गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, मुळं उथळ, त्यात मानेवाड्याची काळी माती. उन्हाळ्यात ती हातभर फाटते, पहिल्या पावसात फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते. झोकाच्या उलट बाजूला, बुंध्यापासून दोन-चार फुटांवर जमिनीत अर्धगोल भेग दिसतेय का पाहा. असेल तर मुळं उचलायला लागलीत, त्या झाडावर कोणी चढायचं नाही. बुंध्यावर हातोडी मारून आवाज ऐका, पोकळ वाजला तर ढोली आहे. बुडाशी बशीसारखी तपकिरी कडक बुरशी दिसली तर आतून कुजलंय. सिमेंट रोड किंवा नालीचं काम झालं असेल तर त्या बाजूची मुळं आधीच छाटलेली असतात, तीही बाजू बघा. मोहोळ शोधायला विसरू नका. आग्या मोहोळ असेल तर चेनसॉचा आवाज आणि पेट्रोलचा धूर त्याला भडकवायला पुरे.

दोराबद्दल सविस्तर लिहितो, कारण लाइनच्या खालोखाल माणसं इथेच जखमी होतात. आठ इंच जाडीची, बारा फूट लांबीची ओली फांदी शंभर किलोच्या आसपास भरते, डहाळ्या आणि शेंगा वेगळ्या. खाली दोर धरून उभे असलेले दोन मावसभाऊ फांदी सुटली की वर ओढले जातात, किंवा दोर तळहात सोलून निघून जातो. दोर कधीही हाताला किंवा कमरेला गुंडाळू नये. फांदीच्या वरच्या मजबूत बेचक्यातून दोर घ्या, खाली आणून बुंध्याला तीन वेढे द्या आणि टोक एकाच माणसाच्या हातात. तीन वेढ्यांच्या घर्षणामुळे एवढं वजन तो हळूहळू सोडू शकतो. दोर 14-16 मिलिमीटरचा नायलॉनचा, नवा, उन्हात न ठेवलेला. कूलरला बांधायची सुतळी किंवा विहिरीवरचा काथ्याचा दोर चालणार नाही.

फांदी वरून सरळ कापत गेलात तर ती मध्येच मोडते, साल उभी सोलत खाली येते आणि चढलेल्याच्या पायांवर आपटते. आधी खालून एक तृतीयांश काप द्या. मग वरून, खालच्या कापाच्या दोन-तीन इंच टोकाकडे. मग फांदी मोडून खाली जाते, सोलत नाही.

चेनसॉ शिडीवरून, खांद्याच्या वर किंवा एका हाताने चालवायची नाही. चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा कशालाही लागला की मशीन डोळ्याचं पातं लवायच्या आत तोंडाकडे उसळतं. भाड्याच्या मशीनची चेन-ब्रेक (मशीन उसळलं की चेन थांबवणारी) आधी तपासा. बऱ्याच मशीनची चालत नाही, आणि दुकानदार ते सांगत नाही. वर फांद्यांत हाताची करवतच बरी, हे माझं ठाम मत. वेळ लागतो, पण हात जागेवर राहतो.

बुंधा उभाच्या उभा दोर लावून अंगणाकडे ओढून पाडू, असं कोणी सुचवलं तर नाही म्हणा. झुकलेल्या खोडाला मागून काप दिला की ते अर्ध्यात उभं फाटतं, आणि फाटलेला मागचा भाग कापणाऱ्याच्या छातीला उलटा येतो. वरून दोन-दोन फुटांचे तुकडे काढत या, तोही एकेक तुकडा शंभर किलोच्या घरात असतो. शेवटचा पाच-सहा फुटांचा सोटच पाडायचा. पडण्याच्या बाजूला खोडाच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे चारेक इंच खोल खाच. मागचा काप खाचेच्या बुडापेक्षा दीड इंच वर. मधे दीड-दोन इंच लाकूड न कापता ठेवायचं, तीच बिजागरी. ती कापली की झाड कुठेही जाईल. काप बसायला लागला तर लाकडी पाचर ठोका, मशीनने रेटू नका. मागे तिरक्या दिशेने पळायची वाट आधीच मोकळी करून ठेवा.

खरं सांगायचं तर वरचा भाग नेहमी झाडं कापणाऱ्या माणसांना द्या, खालचा सोट तुम्ही करा. लाकडाच्या बदल्यात फुकट काढून देतो म्हणणारे गुलमोहराला सहसा तयार होत नाहीत, कारण लाकडाच्या टालवर (वखारीत) त्याला किंमत नाही. मजुरी द्यावी लागेल, आणि कोणी फारच स्वस्तात तयार झाला तर त्याच्याकडे पट्टा आहे का ते आधी बघा. (साग असता तर वेगळा कायदा, वेगळा वाहतूक परवाना. तुमच्या बाबतीत प्रश्न नाही.)

खुंट लगेच उखडू नका, रॉकेल-ॲसिडही ओतू नका. मोठं झाड उन्हाळाभर काळ्या मातीतलं पाणी ओढत असतं. ते गेलं की तीच माती जास्त ओल धरते आणि फुगते. कंपाउंडला भेगा पडल्याच तर त्या एक-दोन पावसाळ्यांनी दिसतात, आणि तोवर झाडाचं नावही कोणी काढत नाही. म्हणून भिंतीचे फोटो आत्ताच काढून ठेवा, शेजाऱ्याच्या बाजूनेही, त्यांना सोबत घेऊन. टिनाचेही.