‘तहकूब ग्रामसभा भरणार’ हे वाक्य चुकीचे आहे का?

चोपडा तालुक्यातील एका वाचकाने आपल्या ग्रामपंचायतीच्या फलकावरच्या सूचनेचे छायाचित्र पाठवले आहे. सूचना अशी: ‘२६ जानेवारीची तहकूब ग्रामसभा ५ फेब्रुवारी रोजी सकाळी १० वाजता कार्यालयासमोर भरविण्यात येत आहे.’ त्यांचा प्रश्न असा की, तहकूब म्हणजे रद्द असेल, तर रद्द झालेली सभा पुन्हा भरणार कशी? शिवाय गावात कोणी तीच सभा ‘स्थगित’ झाली म्हणतो, कोणी ‘बरखास्त’ झाली म्हणतो, तेव्हा यांतला बरोबर शब्द कोणता, हेही त्यांना हवे आहे.

सूचनेतले वाक्य व्याकरणाने आणि कायद्याच्या भाषेनेही बरोबर आहे. अडचण आहे ती ‘तहकूब म्हणजे रद्द’ या समजुतीत. ही समजूत या एका वाचकाचीच नाही. पारावर, एसटी थांब्यावर, दूध डेअरीपुढच्या ओट्यावर ती सर्रास ऐकू येते, आणि तिच्यामुळे गावाचे जे नुकसान होते ते शब्दाच्या चुकीपेक्षा बरेच मोठे आहे.

‘तहकूब’ हा शब्द कोशकार अरबीतील ‘तवक्कुफ’शी जोडतात. त्या शब्दाचा अर्थ थांबणे, खोळंबणे. याच धातूपासून आलेला ‘मौकूफ’ मराठीत ‘मोकूब’ म्हणून रुळला आणि ‘सारा मोकूब केला’ अशा जुन्या महसुली वाक्यांत भेटतो. मोकूबमध्ये सोडून देण्याचा, माफ करण्याचा अर्थ आला. तहकूबमध्ये मात्र मूळचे थांबणेच शिल्लक राहिले. जे थांबले आहे ते संपलेले नसते. ‘रद्द’ हाही अरबी शब्दच, पण त्याच्या पोटात परतवून लावण्याचा, खोडून काढण्याचा अर्थ आहे. दाखला रद्द होतो, शिधापत्रिका रद्द होते, निविदा रद्द होते. त्यानंतर ती वस्तू अस्तित्वात उरत नाही आणि हवी असल्यास नव्याने करावी लागते. तहकूब झालेली सभा नव्याने बोलवावी लागत नाही, ती पुढे चालू होते.

वाचकांना खटकले ते ‘तहकूब’ विशेषण म्हणून आल्यामुळे. ‘तहकूब सभा भरणार’ हे ऐकताना मन म्हणते, भरणार असेल तर ती तहकूब कशी? पण मराठीत अशी विशेषणे मागची स्थिती सांगतात आणि क्रियापद त्या स्थितीतून सुटका करते. ‘गहाण शेत सोडवले’ या वाक्यात शेत सुटल्यावर गहाण राहत नाही, तरीही आपण त्याला गहाण शेतच म्हणतो. ‘थकीत पाणीपट्टी भरली’ हेही तसेच. ‘तहकूब सभा भरली’ ही रचना त्याच वळणाची आहे, आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरात ती इतकी मुरलेली आहे की ‘तहकूब सभा’ हे आता एका विशिष्ट सभेचे नावच झाले आहे.

हे नाव पडण्यामागचे कारण कायद्यात आहे, आणि ते समजल्याशिवाय शब्दाचे वजन कळणार नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ आणि त्याखालील नियमांनुसार ग्रामसभेच्या सभेला गणपूर्ती लागते. गावाच्या एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली जी संख्या कमी असेल ती. म्हणजे ६०० मतदारांच्या गावात ९० जण लागतील आणि अडीच हजारांच्या गावात १०० पुरतील. खानदेशात काय किंवा इतरत्र काय, गणपूर्ती हा शब्द फक्त कागदावर राहतो. तोंडी सगळे ‘कोरम’च म्हणतात, ‘कोरम भरला नाही’ म्हणतात, आणि त्यात वावगे काही नाही. कोरम भरला नाही तर सभेचे अध्यक्ष, बहुधा सरपंच, सभा तहकूब करतात आणि ती पुढच्या एखाद्या दिवशी घेतली जाते. खरी मेख पुढे आहे. त्या तहकूब सभेला कोरम लागत नाही. पंधरा माणसे आली तरी ती वैध ग्रामसभा असते आणि तिने केलेला ठराव हा सगळ्या गावाचा ठराव असतो.

आता ‘तहकूब म्हणजे रद्द’ ही समजूत या नियमाशेजारी ठेवून पाहावी. पहिल्या दिवशी पन्नास-साठ माणसे जमतात, तासभर वाट पाहतात, आणि कोणीतरी ‘आज मिटिंग नही’ असे म्हणत उठतो. घरी गेल्यावर तो सांगतो की सभा रद्द झाली. ज्याने रद्द ऐकले त्याच्या लेखी विषय संपला. पुढची तारीख विचारावी असे त्याला वाटतच नाही. मग घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी, गायरानाच्या जागेचा विषय, पाणीपट्टीतली वाढ, हे सगळे त्या दुसऱ्या, कोरम न लागणाऱ्या सभेत मोजक्या माणसांपुढे मंजूर होते. नंतर तक्रार केली तर प्रोसिडिंग बुकात सारे रीतसर असते, कारण ते खरोखरच रीतसर झालेले असते. म्हणून मला हा शब्द केवळ कोशातल्या नोंदीपुरता वाटत नाही. गावातल्या माणसाने तहकूब ऐकले की त्याच्या तोंडून पुढचा प्रश्न ‘मग कधी?’ हाच यायला हवा.

कोरम न भरण्याला आपल्याकडे ऋतूचीही साथ असते. १ मेची सभा लग्नसराईत आणि पुष्कळदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे येते. आखाजीला लेकी माहेरी येतात, ओटे गजबजतात, पण त्यांची नावे सासरच्या मतदारयादीत असल्यामुळे माहेरच्या कोरमात त्या धरल्या जात नाहीत. १५ ऑगस्टला कपाशीच्या शेतात निंदणी चाललेली असते. अशा वेळी सभा तहकूब होणे यात कोणाचा डाव असेलच असे नाही. परंतु तिची पुढची तारीख पहिल्या सूचनेइतक्याच मोठ्याने गावभर सांगितली जाते का, हे पाहणे गावाचे काम आहे.

‘स्थगित’विषयी. हा संस्कृत शब्द अर्थाने तहकूबच्या अगदी जवळचा आहे आणि ‘सभा स्थगित केली’ म्हटल्याने चूक होत नाही. विधानसभेचे कामकाज ‘दुपारी दोनपर्यंत स्थगित’ होते हे आपण रोज ऐकतो. तरीही ग्रामपंचायतीच्या व्यवहारात दोन्ही शब्दांची कामे वेगळी ठेवावीत असे माझे मत आहे, कारण ‘स्थगिती’ हा शब्द दुसऱ्याने आणलेल्या थांबण्यासाठी पक्का झाला आहे. न्यायालय स्थगिती देते, वरिष्ठ अधिकारी ठरावाला स्थगिती देतात. ‘ग्रामसभेच्या ठरावाला स्थगिती’ म्हणजे झालेल्या निर्णयाची अंमलबजावणी बाहेरून थांबवली गेली. ‘ग्रामसभा तहकूब’ म्हणजे निर्णय होण्याआधी सभाच स्वतःहून थांबली. या दोहोंची सरमिसळ झाली की बातमी वाचणाऱ्याला ठराव झाला की नाही हेच कळत नाही. ‘संस्थगित’ हा याच घरातला आणखी एक शब्द अधिवेशनाच्या समाप्तीसाठी वापरला जातो. ते काम राज्यपालांच्या आदेशाने होते आणि गावपातळीवर त्याची गरज पडत नाही.

‘बरखास्त’ मात्र या जागी साफ चुकीचा आहे. तो फारसी शब्द, ‘उठणे’ या अर्थाचा. दरबार बरखास्त झाला म्हणजे दरबार उठला. आपल्या अहिराणीत ‘मिटिंग उठी गई’ म्हणतात, तो नेमका याच अर्थाचा सरळ प्रयोग आहे. बाजार उठतो, पंगत उठते, तशी सभा उठते. इतिवृत्ताच्या शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आभार मानून सभा बरखास्त करण्यात आली’ असे लिहिण्याचा प्रघात आहे आणि तिथे तो शब्द शोभतो, कारण काम पुरे होऊन सभा उठलेली असते. कोरमाअभावी थांबलेल्या सभेला बरखास्त म्हणणे म्हणजे न झालेले काम झाले म्हणणे.

त्यात दुसरा धोका असा की, ‘बरखास्त’चा एक कठोर अर्थही चालू वापरात आहे. ग्रामपंचायत बरखास्त झाली म्हणजे निवडून आलेले मंडळच गेले. त्यानंतर राज्यघटनेप्रमाणे सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी लागते. जो शब्द एका ठिकाणी चहापाण्यानंतर घरी जाण्यासाठी वापरतात आणि दुसऱ्या ठिकाणी अख्खे मंडळ घालवण्यासाठी, तो ‘ग्रामसभा’ या शब्दाला जोडताना फार जपावे लागते.

येथे ‘ग्रामसभा’ या शब्दाकडेही थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण निम्मा घोळ त्यानेच घातला आहे. १९९२च्या ७३व्या घटनादुरुस्तीने, जी २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली, ग्रामसभेची व्याख्या केली ती गावाच्या मतदारयादीत नाव असलेल्या सगळ्या माणसांचा मिळून बनलेला समूह अशी. म्हणजे ग्रामसभा हा कार्यक्रम नाही, ती एक संस्था आहे. तिची बैठक व्हायची असते तेव्हा कायदा ‘ग्रामसभेची सभा’ असे लिहितो. कानाला ते द्विरुक्तीसारखे वाटते, म्हणून बोलताना आपण मागचा शब्द गाळतो आणि ‘आज ग्रामसभा आहे’ म्हणतो. रोजच्या बोलण्यात ते चालेल, चालतेच. परंतु काटेकोरपणे पाहिले तर ग्रामसभा रद्द होऊच शकत नाही आणि बरखास्तही करता येत नाही. गावात मतदार आहेत तोवर ती आहेच. सरपंच बदलतील, सदस्य बदलतील, प्रशासक येईल, तरी ग्रामसभा तिथेच असते. तहकूब होते ती फक्त तिची एक बैठक. मला हा भेद अतिशय मोलाचा वाटतो आणि शाळेच्या नागरिकशास्त्राच्या तासाला तो याच शब्दांत सांगितला जावा असे मनापासून वाटते.

पेसा, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या कायद्याखाली येणाऱ्या धडगाव, अक्कलकुवा भागांत तर एका ग्रामपंचायतीतल्या पाड्यांना आपापली स्वतंत्र ग्रामसभा करता येते. तिथे घरात पावरी किंवा भिली बोलणाऱ्या माणसाला ‘तहकूब’, ‘गणपूर्ती’ हे शब्द मराठी शिकूनही परके राहतात. अशा ठिकाणी सूचना लिहिणाऱ्याने शब्दाचा हट्ट न धरता ‘सभा आज थांबली, अमुक दिवशी हीच सभा पुढे भरेल’ असे लिहावे आणि तोंडी सांगताना तर त्या बोलीतच सांगावे. त्याने कायद्याचा अर्थ कमी होत नाही.

रद्द हा शब्द कधी वापरावा, तर सभा भरण्यापूर्वीच तिचे बोलावणे मागे घेतले गेले असेल तेव्हा. अशा वेळी पुन्हा सभा घ्यायची तर नव्याने सूचना काढावी लागते, दवंडी द्यावी लागते, आणि कोरमही पुन्हा लागतो. तहकूब सभा मात्र तीच सभा असल्यामुळे तिची विषयपत्रिकाही तीच राहते. नवे विषय तिथे घुसवायचे नसतात. कोणी ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून काही पुढे केले, तर ही तहकूब सभा आहे एवढे म्हणणे हाच पुरेसा आक्षेप आहे.

सभेऐवजी एखादा विषयच मागे ठेवायचा असेल तर ‘विषय क्रमांक चार तहकूब ठेवण्यात आला’ असे लिहितात. सभा तहकूब ‘करतात’, विषय तहकूब ‘ठेवतात’. ‘ठेवणे’ या क्रियापदाने तो विषय पुढे हाती घ्यायचा आहे याची जाणीव राहते, म्हणून ते तसेच राहू द्यावे.

लेखनाबद्दल एक गोष्ट, कारण पाठवलेल्या छायाचित्रात खाली ‘तहकूबीचे कारण’ असे लिहिलेले दिसते. शब्दाच्या शेवटच्या अक्षरात अ असेल तर त्याआधीचा उकार दीर्घ, म्हणून ‘तहकूब’. प्रत्यय लागून शब्द वाढला की तो ऱ्हस्व, म्हणून ‘तहकुबी’. त्याच कार्यालयात रोज लिहिले जाणारे ‘मंजूर’ आणि ‘मंजुरी’, ‘वसूल’ आणि ‘वसुली’ हे शब्द डोळ्यांपुढे ठेवले तर ही चूक होणार नाही.

मूळ सूचना मी अशी लिहिली असती: ‘दिनांक २६ जानेवारी रोजी बोलावलेली ग्रामसभेची सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. तीच सभा दिनांक ५ फेब्रुवारी रोजी सकाळी १० वाजता ग्रामपंचायत कार्यालयासमोर भरेल. विषय पूर्वीच्या सूचनेतलेच राहतील. या सभेला गणपूर्तीची अट नसल्यामुळे उपस्थित असतील तेवढ्या ग्रामस्थांत निर्णय होतील, तरी सर्व मतदारांनी हजर राहावे.’ शेवटचे वाक्य लिहिण्याची सक्ती कोणी केलेली नाही, पण फलकावर ते ठळक अक्षरांत असावे, आणि ते लिहून घेण्यासाठी त्या वाचकाने ग्रामपंचायतीला लेखी विनंती करावी, असा माझा आग्रह आहे.