भूल दिल्यावर अंग थंड का पडते?

प्रश्न : माझ्या सासूबाईंच्या (वय ७२) खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया गेल्या मे महिन्यात झाली. सोलापुरात बाहेर अंग भाजून निघत होते, तरी ऑपरेशन थिएटरमधून आणल्यावर त्या दात वाजेपर्यंत कुडकुडत होत्या. आता पित्ताशयाची शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन व्हायची आहे. थिएटरमधला ए.सी. बंद ठेवायला सांगावे का? सोबत सोलापुरी चादर आणि गरम पाण्याची पिशवी दिली तर चालेल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दोष एकट्या ए.सी.चा नाही. एरवी थंडी वाजली की त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि शरीराच्या गाभ्यातील ऊब आत राखली जाते. भुलेच्या औषधांनी त्या सैल पडतात, गाभ्यातील उष्णता हातापायांकडे वाहून जाते आणि पहिल्या तासाभरातच आतले तापमान एक ते दीड अंश सेल्सिअसने उतरू शकते. उघडे पोट आणि शिरेतून जाणारे थंड सलाइन त्यात भर घालतात. वृद्ध, कृश माणसे आणि तान्ही बाळे यांना हा त्रास अधिक होतो.

गाभ्याचे तापमान ३६ अंशांखाली गेले, तर प्रश्न नुसत्या कुडकुडण्याचा राहत नाही. रक्त गोठण्याची क्रिया मंदावून रक्तस्राव वाढतो, भुलेच्या औषधांचा अंमल लांबतो, हृदयावर ताण येतो. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या २०० रुग्णांपैकी ज्यांना उबदार ठेवले होते, त्यांच्यात जखमेचा जंतुसंसर्ग ६ टक्के, तर थंड पडलेल्यांत १९ टक्के आढळला. एवढा फरक केवळ ऊब राखल्याने पडतो, म्हणून ही बाब किरकोळ समजू नये, असे मला कळकळीने वाटते.

चादरीविषयी सांगायचे तर, पांघरुणाच्या एका थराने त्वचेवाटे जाणारी उष्णता सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. त्यावर आणखी थर चढवून फारसा लाभ होत नाही. त्यामुळे थिएटरकडे नेईपर्यंत वॉर्डात सोलापुरी चादर जरूर पांघरावी, पण आत ती पुरणार नाही. तेथे रुग्णाच्या अंगावरील कागदी पांघरुणात गरम हवा सोडणारे यंत्र लागते, आणि सलाइन जास्त द्यायचे असेल तर तेही कोमट करून द्यावे लागते. भूल देण्याआधी अर्धा तास अशी ऊब दिली, तर पुढची घसरण बरीच रोखता येते; एकदा आतली उष्णता बाहेर गेली, की ती परत मिळवायला फार वेळ लागतो.

गरम पाण्याची पिशवी मात्र मुळीच देऊ नका. बेशुद्ध माणसाला चटका कळत नाही, तो सांगू शकत नाही आणि कातडी खोलवर भाजते.

भूलतज्ज्ञ तपासणीसाठी येतील तेव्हा मागच्या वेळी कुडकुडी भरल्याचे त्यांना आवर्जून सांगा. गरम हवेचे यंत्र आहे का आणि शस्त्रक्रिया चालू असताना तापमान मोजले जाणार का, हेही विचारा. त्यात संकोच करण्यासारखे काहीच नाही.